कपाटातले संगणक

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार काढून घेतला. नवी विंडोज ११ साधारण २०१८च्या आधीच्या बहुतेक यंत्रांवर रीतसर बसत नाही. त्यामुळे कचेऱ्यांमधून, बँकांमधून आणि आपल्या घरांमधूनही कितीतरी लॅपटॉप एका दिवसात जुने ठरले. पडदा स्वच्छ, कळा शाबूत, आतला प्रोसेसर अजून पाच वर्षं सहज काम करील असा, आणि तरी जागा अडवणारी अडगळ. अशा वेळी सोसायटीच्या बैठकीत, सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत किंवा निवृत्त सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॅप गटात कुणीतरी म्हणतंच : हे गरजू मुलांना द्यायला हवेत, आपणच एखादी संस्था का काढू नये?

हा विचार मला मनापासून आवडतो. म्हणूनच आज सकाळी त्याच्याविषयी थोडं सविस्तर बोलावंसं वाटतं.

गरज खरी आहे. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या शंभर घरांपैकी जेमतेम साडेचार घरांत संगणक होता, शहरांत तेवीस. पुढे मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा या आकड्यांचा अर्थ घराघरांत दिसला. एकच फोन, तो बाबा कामाला जाताना घेऊन जाणार, आणि घरी दोन-तीन भावंडं. २०२३-२४च्या सरकारी शालेय आकडेवारीनुसारही देशातल्या सुमारे ५७ टक्के शाळांतच चालू स्थितीतला संगणक होता.

आता फोन सगळ्यांकडे आहे, संगणक कशाला, असंही विचारलं जातं. फोनवर मूल बघतं आणि ऐकतं. निबंध लिहिणं, तो खोडून पुन्हा लिहिणं, वहीतला हिशेब तक्त्यात मांडणं, एखादा छोटा प्रोग्राम करून पाहणं, यासाठी समोर मोठा पडदा आणि हाताखाली कळफलक लागतो. शिवाय २०१९पासून आपली एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा संगणकावर होते. बारावीपर्यंत पाड्यावरच्या शाळेत शिकलेली एखादी मुलगी आयुष्यातला पहिला माउस परीक्षा केंद्रावर हातात धरते, आणि तिच्या शेजारी बसलेल्या मुलाने घरी शंभर सराव चाचण्या दिलेल्या असतात. दोघांना प्रश्न एकच, वेळही सारखाच. हा अन्याय आहे, आणि तो दूर करणं आपल्या आवाक्यातलं आहे.

मग अडतं कुठे? आपल्याकडे चैत्र लागला की गावोगाव पाणपोया लागतात. रांजण मांडायला आणि दात्याच्या नावाची पाटी लावायला एक सकाळ पुरते. पाणपोई चालते ती रोज पहाटे तो रांजण धुऊन भरणाऱ्या माणसामुळे. संगणक देणाऱ्या संस्थेत हा माणूस कोण, ते पहिल्या बैठकीतच ठरवावं लागतं. बहुतेक ठिकाणी ते ठरत नाही.

जगातला या बाबतीतला सगळ्यात मोठा प्रयोग आठवून पाहा. २००५च्या जानेवारीत एमआयटीच्या निकोलस निग्रोपाँटी यांनी दावोसला शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप. त्याच वर्षी ट्युनिसच्या जागतिक परिषदेत संयुक्त राष्ट्रसंघाचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत त्याचा नमुना दाखवला गेला. यंत्र खरोखर देखणं होतं : हिरवं-पांढरं, धुळीला न जुमानणारं, अगदी कमी विजेवर चालणारं, भर उन्हात वाचता येईल अशा पडद्याचं. त्यामागे शिक्षणविचारक सेमूर पेपर्ट यांचा विचार होता. मूल काहीतरी घडवताना शिकतं, हा तो विचार, आणि तो आजही मला पटतो. किंमत शंभर डॉलरवर थांबली नाही, ती दोनशेच्या जवळ गेली. पण तो काही मोठा दोष नव्हे. मुंबईजवळच्या खैरात या छोट्या वस्तीतल्या एकशिक्षकी शाळेतही २००७मध्ये हे लॅपटॉप पोहोचले होते.

पेरू या देशाने असे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले. २०१२मध्ये आंतर-अमेरिकन विकास बँकेच्या अभ्यासकांनी तिथल्या ३१९ ग्रामीण शाळा पाहून निष्कर्ष मांडला. दर मुलामागे संगणकांचं प्रमाण ०.१२वरून १.१८वर गेलं होतं. मुलांच्या विचारशक्तीच्या काही चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली. गणितात आणि भाषेत काहीच फरक पडला नव्हता. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतं, आणि हे यंत्र रोजच्या धड्यात कसं आणायचं याची पुरेशी तयारी शिक्षकांकडून कुणी करून घेतली नव्हती.

उरुग्वेने तेच यंत्र घेतलं आणि वेगळी वाट धरली. २००७मध्ये व्हिया कार्दाल नावाच्या एका लहानशा गावातून सुरुवात केली. २००९ संपेपर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हातात लॅपटॉप होता. या कामासाठी त्यांनी सेइबाल नावाची स्वतंत्र यंत्रणा उभी केली, शाळांना इंटरनेट दिलं, दुरुस्तीची सोय केली, आणि गावोगाव स्वयंसेवकांचं जाळं विणलं. परीक्षेतले गुण तिथेही एकदम उडी मारून वर गेले नाहीत, हे सांगायलाच हवं. पण गरीब घर आणि सुखवस्तू घर यांच्यात संगणकाबाबत असलेली दरी जवळपास बुजली, आणि ती योजना आजही चालू आहे. उरुग्वेची अख्खी लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एका मोठ्या शहराएवढी. छोट्या जागी, जवळून लक्ष ठेवून केलेलं काम टिकतं, असं मी यातून घेतो.

आपल्याकडचं चित्र पाहायचं तर एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडायला सांगावं. दोन मॉनिटर, एक सीपीयू, कुणा मंडळाने दिलेले चार टॅबलेट, काहींवर अजून प्लास्टिकचं आवरण. दान मिळालेली वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढते. ती बिघडली, हरवली, तर जबाबदारी मुख्याध्यापकांची. मोडली तर निर्लेखनाचा कागदी प्रवास वेगळाच. त्यात शाळेत वीज दिवसा किती वेळ असेल याची खात्री नाही, बिल थकून जोडणी तोडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. मग मुख्याध्यापक यंत्र कुलपात ठेवतात. त्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही. मुलाच्या हातून काही बिघडलं तर कुणाला फोन करायचा, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. सरकारी योजनांचीही हीच गत झाली. केंद्राच्या २००४च्या आयसीटी योजनेत राज्यात शाळाशाळांतून संगणक कक्ष उभे राहिले, ते खासगी कंपन्यांशी पाच वर्षांचे करार करून. करार संपले, संगणक शिक्षक घरी गेले, आणि अनेक कक्षांना कुलूप लागलं.

याउलट ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची शाळा डिजिटल शाळा म्हणून राज्यभर ओळखली गेली, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२०चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. या शाळांमध्ये यंत्रं काही जगावेगळी नव्हती. तिथे शिक्षकाने ती आपली मानली. म्हणून नव्या संस्थेला मी सांगेन की आधी शाळा निवडू नका, शिक्षक निवडा. एखाद्या बाईंना किंवा सरांना मुलांच्या हातात यंत्र द्यायची भीती वाटत नसेल, तर तिथे पाच संगणक पन्नासांचं काम करतात. त्यांची भीती कमी करायला आपला एक फोन नंबर आणि ‘बिघडलं तर आम्ही येतो, तुमच्यावर काही येणार नाही’ हे लेखी आश्वासन पुरतं. ते शाळा व्यवस्थापन समितीपुढे वाचून दाखवावं.

कामाच्या बारीक गोष्टी पुष्कळ आहेत. दात्याच्या लॅपटॉपमध्ये त्याच्या घरचे फोटो असतात, बँकेचे कागद असतात; नुसतं डिलीट करून ते जात नाहीत, डिस्क पूर्ण पुसावी लागते, आणि ही जबाबदारी संस्थेची. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि रॅम आठ जीबी केली की दहा वर्षांचं यंत्र ओळखू येत नाही, इतकं हलकं चालतं. त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू घालावं. पैसे पडत नाहीत, आणि विंडोजचा आधार गेल्याची काळजी उरत नाही. चार्जर नेहमी जास्तीचे ठेवावेत, सगळ्यात आधी तेच जातात. शाळेचं अर्थिंग तपासून घ्यावं. कोकणात जून ते सप्टेंबर यंत्र बंद राहिलं तर आत ओल धरते, म्हणून पावसाळ्यात ते रोज थोडा वेळ चालू ठेवायचं, हे शाळेला आवर्जून सांगावं.

मराठी कळफलकाबद्दल मात्र मी आग्रही आहे. मूल मराठीत शिकतं, मराठीत विचार करतं, आणि संगणक सुरू केला की समोर सगळं इंग्रजी. इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये आहे, लिनक्समध्ये आहे, फुकट आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, अशी त्याची मांडणी बाराखडी येणाऱ्या मुलाला लवकर कळते. पहिल्या दिवशी मुलांनी स्वतःचं नाव, गावाचं नाव आणि आईचं नाव देवनागरीत लिहावं. इंग्रजी पाठोपाठ येईलच. आणि संगणकावर बसायच्या पाळ्या लावताना मुलींची यादी वेगळी ठेवावी, नाहीतर यंत्रापाशी मुलगेच बसलेले दिसतात.

संस्थेच्या नोंदणीविषयी थोडक्यात. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यास नोंदवता येतो, दरवर्षी हिशेब तपासून द्यावा लागतो, विश्वस्त बदलले तर कळवावं लागतं. हे नीट करावं, त्याने विश्वास वाढतो. मात्र एक गोष्ट दात्यांना आधीच सांगून टाकावी : वस्तूच्या रूपात दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही. म्हणून लॅपटॉपबरोबर थोडी रोख देणगीही मागावी, दुरुस्तीसाठी म्हणून. अशी मागणी करायला संकोच वाटतो, कारण लॅपटॉपच्या वाटपाला दाते लगेच मिळतात, बॅटरी बदलायला मिळत नाहीत. तरी मागावी. निम्मा पैसा पुढच्या तीन वर्षांच्या देखभालीसाठी बाजूला काढल्याशिवाय एकही यंत्र देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आणि चालत नसलेलं यंत्र शाळेत पाठवू नये. त्यासाठी अधिकृत ई-कचरा केंद्रं आहेत. आपल्या घरातला कचरा गरिबाच्या दारात ठेवणं हे दान नव्हे. तसंच लॅपटॉप हातात धरून उभ्या केलेल्या मुलांचे फोटोही काढू नयेत. मुलाला तो शिकण्यासाठी मिळतो आहे. आभार मानायला त्याला रांगेत उभं करू नये.

तुमच्या मनात अशी संस्था काढायचा विचार असेल तर नोंदणीच्या कागदांना हात लावण्याआधी एक काम करा. येत्या शनिवारी संगणकाची जाण असलेला एखादा मित्र सोबत घ्या, एक स्क्रूड्रायव्हर, दोन चार्जर आणि लिनक्सचा पेनड्राइव्ह पिशवीत टाका, आणि जवळच्या जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेच्या शाळेत जा. मुख्याध्यापकांना विनंती करून ते कपाट उघडा. आधीच्या दात्यांनी दिलेल्या आणि बंद पडलेल्या यंत्रांपैकी जेवढी सुरू होतील तेवढी सुरू करून द्या, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जा.