वाफ विरेपर्यंत

ओट्यापाशी उभे राहा. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकू द्या.

खांदे सैल सोडा. श्वास जसा येतोय तसा येऊ द्या.

आज महाशिवरात्र आहे असं धरू. माघ वद्य चतुर्दशी. पहाटेचा गारवा अजून खिडकीच्या गजांवर आहे. घर उल्हासनगरात असो, अंबरनाथला असो की बदलापूरला, रेल्वेचे रूळ फार लांब नाहीत. एक कर्जत लोकल येते. आवाज वाढतो, घरावरून जातो, ओसरतो.

तो पुरता ओसरू द्या. मगच पुढं या.

•

आज घरात धान्य शिजणार नाही.

गव्हाचा डबा बंद राहू द्या. तांदळाचा, ज्वारीचा, बाजरीचा. वरीचाही. वरी उपवासाला चालते, पण तीही गवताच्याच कुळातली. आजच्या पिठात त्या कुळातलं काहीच नको.

ओट्यावर एवढंच मांडा.

शिंगाड्याचं पीठ, एक वाटी. राजगिऱ्याचं पीठ, अर्धी वाटी. एक मध्यम बटाटा, उकडून सोललेला. अर्धी वाटी दही. दोन चमचे दाण्याचं कूट. जिरं, सैंधव, एक हिरवी मिरची. साजूक तूप. तांब्याभर पाणी.

आणि वॉफलचा साचा. अजून थंड, अजून मिटलेला.

गहू सोसत नाही अशा कुणासाठी हे करत असाल, तर गव्हाच्या जात्यावर दळलेलं पीठ आणू नका. गव्हाचे वॉफल केलेला साचाही नको. एवढी काळजी घ्या. बाकी सगळं सोपं आहे.

मांडलेलं एकदा बघा. हात लावू नका. नुसतं बघा.

•

आता शिंगाड्याच्या पिठाची चिमूट घ्या.

अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ती हळूच चोळा. मऊ आहे, पण तळाशी बारीकशी करकर लागते. रंग मळकट पांढरा. नाकाशी न्या. मातीचा पुसट वास येतो का, बघा.

हे फळ पाण्यात धरतं. भंडारा-गोंदियाकडं जुने मालगुजारी तलाव आहेत. तिथं मासेमारी करणारी ढीवर मंडळी शिंगाडा लावतात. पानं पाण्यावर पसरतात, फळं त्यांच्या खाली, पाण्यात वाढतात. काढणारा माणूस पाण्यात उतरतो, वेल उलटतो, फळ खुडतो. मग सोलणं, वाळवणं, दळणं.

सगळं पाणी उडून गेल्यावर जे उरतं, ते तुमच्या बोटांत आहे.

चिमूट वाटीत सोडा. बोटांना लागलेलं पीठ तसंच राहू द्या.

आता राजगिरा. आपण ज्याच्या कोवळ्या पानांची भाजी करतो, त्या झाडाच्या तुऱ्यातलं हे बी. खसखशीसारखं बारीक. दळलं तरी त्याचा खमंगपणा जात नाही. वाटी नाकाशी धरा.

एक श्वास घ्या. सोडा.

•

आता तांब्याकडं बघा.

पाणी स्थिर आहे. वरच्या दिव्याचा एक तुकडा त्यात पडला आहे.

हे पाणी इथं कसं आलं? काही घरांच्या नळाला बारवी धरणाचं पाणी येतं. काहींना बदलापूरजवळ उल्हास नदीतून उचललेलं मिळतं. बारवी नदीही शेवटी उल्हासलाच मिळते. राजमाचीच्या डोंगरांतून निघालेली ही नदी कर्जतवरून उतरते, बदलापूरला वळसे घेते, पुढं वसईच्या खाडीकडं जाते. वाटेत तिचं पाणी आपल्या हंड्यांत, टाक्यांत, तांब्यांत येऊन थांबतं.

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत, रिकाम्या बराकींमध्ये, सिंधमधून आलेली हजारो माणसं राहायला आली. 8 ऑगस्ट 1949 रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिथं कोनशिला बसवली. त्या वस्तीला या नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळालं. सिंधू मागं राहिली होती. दुसरी एक नदी जवळ होती.

आजही त्या गल्ल्यांमधून झुलेलालसाठी चालिहो पाळला जातो. चाळीस दिवसांचं व्रत. झुलेलाल पाण्याचं दैवत. माणसं घर सोडून आली आणि पाण्याला हात जोडणं सोबत घेऊन आली.

तांब्याला हात लावा. गार आहे.

निर्जळी उपवास नसेल, तर एक घोट घ्या. तो घशातून खाली जाताना जाणवतो. कुठपर्यंत जाणवतो, ते बघा.

•

आता भिजवू या.

बटाटा परातीत किसा. किसणीवरचा ओलसर, संथ आवाज ऐका. त्यावर दोन्ही पिठं, कूट, सैंधव. जिरं तळहातावर चुरडून घाला. मिरची बारीक चिरून. दही. वितळलेलं दोन चमचे तूप.

मग पाणी. थोडं. आणखी थोडं.

हात घाला. आधी पीठ कोरडं आहे, बोटांतून निसटतं. मग गोळे होतात. मग गोळे विरतात. इडलीच्या पिठाइतकं दाट झालं की थांबा.

हात बाहेर काढायची घाई करू नका. तळ्याच्या फळाला त्याचं पाणी परत मिळालं आहे. तुमच्या मुठीत ते गार आणि जड होत चाललं आहे.

त्यावर झाकण ठेवा. पंधरा मिनिटं.

पीठ पाणी पिऊन घेतं. तुम्हाला काही करायचं नाही.

•

या पंधरा मिनिटांत मनानं अंबरनाथच्या देवळापाशी जाऊ.

वालधुनी नदीच्या काठी काळ्या दगडांचं शिवमंदिर. तिथल्या शिलालेखावर शके 982 आहे, म्हणजे इ.स. 1060. शिलाहारांच्या काळातलं काम. भिंतीचा हातभर दगडसुद्धा कोरल्याशिवाय सोडलेला नाही.

काल रात्रीपासून रांग लागली आहे. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात बेल. चपलांचा आवाज, घंटेचा आवाज, खेळण्यांच्या पिपाण्या.

रांगेत उभे राहा. समोरच्या माणसाची पाठ दिसते, तेवढंच बघा. ती पाठ एक पाऊल पुढं सरकते. तुम्हीही एक पाऊल सरका.

सभामंडपात शिरलं की उजेड कमी होतो. गाभारा जमिनीच्या खाली आहे. पायऱ्या उतराव्या लागतात. दगड पायाला ओला लागतो. वर शिखर अपुरं आहे, त्यातून आभाळ दिसतं.

पिंडीवर पाणी घाला. ते वाहून जाताना बघा.

मग बाजूला व्हा. मागच्याला जागा द्या.

पुन्हा पायऱ्या चढा. पुन्हा रांगेबाहेर. पुन्हा आपल्या ओट्यापाशी.

•

झाकण काढा. पीठ घट्ट झालं असेल. दोन चमचे पाणी घालून सैल करा.

साचा तापत ठेवा. खालच्या आणि वरच्या पाळीला तूप लावा, चौकटीच्या प्रत्येक कोपऱ्यात. तूप चर्र करतं. ठीक. तापला आहे.

एक मोठा डाव भरून पीठ मध्यभागी घाला. कडेपर्यंत पसरू नका. ते आपलं आपण पसरेल.

साचा मिटा.

आता हात मागं घ्या.

•

इथं थांबायचं आहे. या सगळ्या तयारीत आपण इथवर यायलाच निघालो होतो.

वाफ बघा.

आधी ती चहूकडून येते. जोरात, कडांमधून, फुसफुसत. पांढरी आणि दाट. तांब्यातलं पाणी, दह्यातलं पाणी, बटाट्यातलं पाणी, सगळं एकदम वाट शोधतंय. थेंबभर पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे 1,600 पट जागा लागते. पिठात सोडा नाही, यीस्ट नाही, अंडं नाही. पीठ हलकं होतं ते या वाफेनं.

बघत राहा.

वास घ्या. आत्ता कच्च्या पिठाचा आहे. थोडा आंबूस.

मनात एक प्रश्न उठेल: झालं असेल का? हात कडीकडं जाईल. त्याला जाऊ देऊ नका. प्रश्न उठला, एवढं फक्त बघा. तो वाफेबरोबर वर जातो.

गव्हाच्या पिठात चिवटपणा असतो. ते ताणलं जातं, सांभाळून घेतं. मधेच उघडलं तरी क्षमा करतं. या पिठात तसं धरून ठेवणारं काही नाही. बटाटा थोडं धरतो. बाकी पिठाच्या कणांनी पाणी पिऊन, फुगून, एकमेकांना चिकटून घट्ट व्हायचं. त्याला उष्णता लागते आणि वेळ लागतो. आत्ता उघडलं तर वॉफल मधोमध फाटेल. अर्धा वरच्या पाळीला, अर्धा खालच्या.

म्हणून थांबा.

एक श्वास. आणखी एक.

आता बघा, वाफ बदलली आहे. चहूकडून येत नाही. एका बाजूनं, एका धारेत येते. फुसफूस थांबली. आतून बारीक तडतड ऐकू येते.

वास बदलला आहे. जिरं वर आलं. मागून दाण्याचं कूट.

यंत्राचा दिवा हिरवा झाला असेल. तो गव्हाच्या वॉफलचा हिशोब सांगतो. त्याला राहू द्या. तुम्ही वाफेकडं बघा.

आता ती तुटक येते. येते, थांबते. पुन्हा येते.

दोन वाफांच्या मधे जी जागा आहे, तिथं लक्ष ठेवा.

ती जागा वाढते आहे.

तुमचा श्वासही लांबला असेल. मुद्दाम लांबवू नका. जसा आहे तसा राहू द्या.

स्वयंपाकघरात आणखी काय ऐकू येतं? नळाचा एखादा थेंब. खालून जाणारी रिक्षा. शेजारच्या घरातला रेडिओ. सगळं ऐका, कशाच्याही मागं जाऊ नका. कान पुन्हा साच्याकडं आणा.

तडतड मंदावली. तुपाचा खमंग वास आला. राजगिऱ्याचा, भाजलेला.

वाफ नाही.

अजून एक श्वास थांबा.

•

आता उघडा. अगदी हळू.

वरची पाळी विरोध न करता सुटते. चौकोनांच्या कडा तांबूस, खळगे थोडे फिके. पाळी अडली, तर ओढू नका. पुन्हा मिटा, आणखी मिनिटभर द्या. पुरता भाजला की तो स्वतःच साचा सोडतो.

सुरीच्या टोकानं उचलून जाळीवर ठेवा. ताटात सपाट ठेवला तर स्वतःच्याच वाफेनं ओला होईल. खालून वारा लागू द्या.

एका कोपऱ्याचा तुकडा मोडा. मोडताना होणारा आवाज ऐका.

तोंडात घ्या आणि लगेच चावू नका. जिभेवर आधी मीठ, मग तूप. आता चावा. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, दाट. शिंगाड्याची हलकी गोडी शेवटी येते. घास संपल्यावर येते. तिच्यासाठी थांबलं नाही तर ती कळतच नाही.

दुसरा तुकडा लगेच उचलू नका.

उपवासाला आपण काय काय सोडलं, याची यादी दिवसभर मनात चालते. गहू सोडला, तांदूळ सोडला, चहा सोडला. आत्ता एवढाच वेळ ती यादीही सोडून द्या. सोडलेल्याकडं बघू नका. हातात जे आहे ते चावा, गिळा, जाणवू द्या.

•

बाकीचा वॉफल कापा. चार तुकडे होतील.

एक घरातल्या सगळ्यांत थकलेल्या माणसाला द्या, दह्याच्या वाटीबरोबर. एक शेजारी पाठवा. देवळाच्या रांगेतून उपाशी परतणारं कुणी असेल, त्याच्यासाठी एक झाकून ठेवा. ऊन ऊन देता आला तर आणखी बरं.

परातीत अजून दोन-तीन वॉफलांचं पीठ आहे. साच्याला पुन्हा तूप लावा, डाव भरा, मिटा, हात मागं घ्या.

या वेळी सांगायला मी नाही. कधी उघडायचं हे कुणाला विचारू नका, घड्याळाला नको, दिव्यालाही नको. वाफ कशी बोलते आणि कशी थांबते, ते तुम्ही ऐकलं आहे. पुढच्या उपवासाला हे घरातल्या एका लहान मुलाला ओट्यापाशी उभं करून ऐकवा.