आडनाव ऐकल्यावर

नागपुरातली जरीपटका ही घर गमावलेल्यांनी उभी केलेली वस्ती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं इथे नव्याने रुजली. लागूनच इंदोरा. तिथल्या कितीतरी घरांच्या पूर्वजांना गावाने वेशीच्या आत राहूच दिलं नव्हतं. बेघरपण म्हणजे काय, हे या दोन्ही वस्त्यांना कुणी समजावून सांगायला नको. तरीही नागपुरात आज खोली शोधणाऱ्याला पहिला प्रश्न आडनावाचाच येतो.

फोनवर खोली रिकामी असते. दारात पूर्ण नाव सांगितलं की घरमालकाचा स्वर मऊ होतो. ‘अहो, कालच एका नातेवाइकाला शब्द दिला. चहा घेऊन जा ना.’ ‘किरायाने देणे आहे’ ही पाटी पुढच्या आठवड्यातही तिथेच असते. मला त्या चहाचाच जास्त राग येतो. नकार देणारा स्वतःच्या नजरेत भला माणूसच राहतो, आणि परत जाणाऱ्याला भांडायलाही जागा उरत नाही.

ही रीत जुनी आहे. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, ते कोलंबिया विद्यापीठात शिकून. जात लपवून एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. मग ते दोन मित्रांकडे गेले. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारावं लागेल. जमावाच्या हाती काठ्या होत्या, मित्रांच्या हाती सबबी. रात्रीच्या निवाऱ्याचा प्रश्न मात्र दोन्हीकडून तसाच राहिला.

अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला एखाद्या वस्तीत राहण्यापासून अडवणं १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याला पुरावा लागतो आणि सबब पुरावा मागे ठेवत नाही. ‘आम्ही भेदभाव मानत नाही, फक्त शाकाहारी माणसं हवीत’ म्हणणाऱ्याला तर आपण काही केलं असंच वाटत नाही. मुसलमान तरुणाला, एकट्या राहणाऱ्या बाईला हेच वाक्य थोडं बदलून ऐकवलं जातं.

घर आपलं आहे, किरायेदार निवडायचा हक्कही आहे. मग पाटीवर किराया लिहा, डिपॉझिट लिहा, पाण्याच्या वेळा लिहा. ते मान्य करून जो आधी येईल त्याला किल्ली द्या. आडनाव करारनाम्यावर सही करताना कळेलच.