परत न येणारा डबा

रिकामें झालेलें वेष्टन घरांत पुन्हां वापरणें हा सद्‌गुण आहे काय, असें कोणी विचारल्यास पेण-रोह्याकडील गृहिणी हंसतील. श्रीखंडाच्या डब्यांत मोहरी, लोणच्याच्या बरणींत चिंचेचा गोळा, दुधाच्या धुतलेल्या पिशवींत खोवलेला नारळ; यांत विचारण्यासारखें तें काय? टाकूं नये, जपावें, हें आपल्या संसाराचें आद्य सूत्रच आहे. तें खोटें, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. परंतु ज्या परिस्थितींत एखादें सूत्र जन्मास आलें ती पालटली, तर त्याची फेरतपासणी केलीच पाहिजे.

घासलेटचा चौकोनी डबा एके काळीं तांदूळ भरण्यास येई. १९३७ सालीं बाजारांत आलेल्या डालड्याच्या डब्यांतून पुढें कित्येक अंगणांत तुळस लागली. डबे मोजके होते, म्हणूनच प्रत्येकास घरांत जागा होती; भोंक पडल्यास झाळ लावून मिळे. काटकसर ही टंचाईची कन्या होती. आज दिवसाला एक पिशवी दूध घेणाऱ्या घरांत वर्षाकांठीं ३६५ पिशव्या येतात. नारळासाठीं दरमहा एक नवी घेतली तरी बारा पुरतात. उरलेल्या ३५३ पिशव्यांचें काय? बारा जपल्याच्या समाधानांत त्यांचा विसर पडतो, आणि अशा रीतीनें एक लहानसा गुण एका मोठ्या दोषावरील पडदा होऊन बसतो.

याहूनही सूक्ष्म असा दुसरा फरक आहे. जुन्या पितळी भांड्यावर घराचें नांव घातलेलें असे. त्यांतून शेजारीं मोदक जात. भांडें रिकामें परत करूं नये असा शिष्टाचार असल्यामुळें, पेणेसारख्या गांवीं तें माघारी येतांना त्यांत निदान चार पोह्यांचे पापड तरी असत. आतां मोदक श्रीखंडाच्या डब्यांतून जातात, आणि देणारी मोठ्या आपुलकीनें म्हणते, "वहिनी, डबा परत नको हो." सोय खरी, भांडें हरवल्याची रुखरुख नाहीं. पण परत करण्याबरोबर देणेंघेणेंही थांबलें. डब्यावर नांव आहे तें कारखानदाराचें, आणि तोही मुकाट्यानें आपणांस तेंच सांगत असतो कीं, डबा परत नको!

आमच्या मतें सर्व प्रश्नाचें मर्म येथेंच आहे. जी वस्तु कोणीच परत घेत नाहीं, ती त्यामुळें नाहींशी होत नाहीं. नाल्यांतून ती पेणेस भोगावतींत आणि रोह्यास कुंडलिकेंत उतरते, व पुढें खाडीस मिळते. घरांतील पुनर्वापरानें तिचा हा प्रवास लांबतो, टळत नाहीं. महाराष्ट्र सरकारच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनें दुधाच्या पिशवीवर निदान पन्नास पैसे परतखरेदीची किंमत छापावी, असें ठरविलें. रक्कम क्षुल्लक असेल, तत्त्व क्षुल्लक नाहीं. भांडें परत घेणें हें ज्याचें भांडें त्याचें कर्तव्य, हा शेजारधर्मच तेथें कायद्याच्या भाषेंत मांडला आहे. पिशवी परत घेणारा दुकानदार मात्र अद्याप आमच्या पाहण्यांत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, "कारखानदार सुधारेपर्यंत गृहिणीनें डबे फेकून द्यावे काय?" मुळींच नाहीं. मोहरीसाठीं नवा डबा विकत घेण्यापेक्षां जुना धुऊन वापरणें केव्हांही श्रेयस्कर. परंतु धुण्या-वाळविण्याचे हे श्रम बहुधा घरांतील स्त्रीच करते. तिच्या या कष्टांत समाजाचें सारें कर्तव्य उरकलें असें मानणें, हा तिच्यावर अन्याय आहे, आणि कारखानदारास फुकटची माफी आहे.

तेव्हां आमची सूचना साधी आहे. घरांत लागतील तितकेच डबे ठेवावे, आणि त्यांवर आपलें नांव घालावें. शक्य तेथें दुकानीं स्वतःचें भांडें न्यावें. दुधाची पिशवी घेतांना "ही परत कोण घेणार?" असें विचारण्याची लाज बाळगूं नये. आणि शेजारीं मोदक पाठवितांना डबा परत मागावा. तो मागण्यांत कृपणता नाहीं. मागितला तरच तो भरून येण्याचा संभव आहे.