वाटाड्या आणि काजी

माणूस परमुलखात पाहुणा म्हणून जातो तेव्हा तिथल्या लोकांच्या वागण्यावर निवाडा देण्याचा त्याला कितपत हक्क असतो? प्रश्न जुना आहे, वरवर साधाही वाटतो. आम्हाला तो भर समुद्रात एका शिडाच्या बोटीवर भेटला आणि तेव्हापासून त्याने आमची पाठ सोडलेली नाही.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही पाच मित्र मालदीवला गेलो होतो. पाचही जण कोकणातले. आमच्यातल्या तिघांचे आजे-पणजे गलबतांवर तांडेल नाहीतर खलाशी होते. आम्ही मात्र नोकरदार, पगारावर जगणारे. निदान आठ दिवस तरी शिडाखाली काढावेत अशी हौस होती, म्हणून एक लहानशी बोट ठरवली. तिला इंजिन होते, पण वारा असेपर्यंत तिचा तांडेल त्याला हात लावत नसे. ईशान्येचा वारा, स्वच्छ आकाश आणि क्षितिजावर एकामागून एक वर येणारी माडांची बेटे.

मालदीवमध्ये सुमारे बाराशे बेटे आहेत, त्यांपैकी वस्ती असलेली दोनशेच्या आत. ती कंकणासारख्या २६ समूहांत पसरलेली आहेत आणि जमीन पाण्यापेक्षा सरासरी दीड मीटर उंच. कंकणाच्या कडेला प्रवाळाचे खडक असतात आणि मधूनमधून आत शिरायच्या वाटा. तांडेल पाण्याचा रंग वाचायचा. गडद निळे म्हणजे खोल, हिरवट म्हणजे उथळ, तपकिरी म्हणजे खडक अगदी वर आलेला. ऊन डोक्यावर किंवा पाठीमागे असतानाच हे रंग नीट दिसतात, म्हणून दुपार कलली की तो नांगर टाकायचा. "संध्याकाळच्या पाण्यावर विश्वास ठेवू नये," असे तो म्हणे.

अशाच एका संध्याकाळी आम्ही एका लहान बेटावर उतरलो. मशिदीत मगरिब पढलो. ते शाफई, आम्हीही शाफई. सफेत उभे राहिल्यावर परकेपणा वाटला नाही. बाहेर आलो तर धक्क्याजवळ दोरीने विणलेल्या आसनांवर बायका-पुरुष गप्पा मारत बसले होते. बायकांच्या डोक्याला रुमाल होते आणि त्या मोकळेपणाने हसत होत्या. आमच्यातला एक जण पुटपुटला, "नमाजच्या वेळेला हे असं एकत्र बसणं! इथल्या मौलवींनी सांगायला नको का?" दुसरा लगेच उसळला. तो आमच्यातला पुरोगामी. म्हणाला, "मला तर उलटंच वाटतंय. इथले जुने फोटो बघ, बायकांची डोकी उघडी आहेत. यांना हे रुमाल कुणी बांधायला लावले, ते आधी विचारा." बोटीवर परतलो तरी वाद चालूच. तांडेलला हिंदी सिनेमांमुळे हिंदी बऱ्यापैकी समजत असे. सगळे ऐकून घेऊन त्याने एवढेच विचारले, "भाई, आप लोग यहाँ कितने दिन हैं?"

सकाळी निघणार होतो. तासाभरात दोन निवाडे देऊन झाले होते, तेही एकमेकांच्या उलट. ज्यांच्याबद्दल ते दिले त्यांच्यातल्या एकाशीही आम्ही बोललो नव्हतो.

त्या रात्री आम्हाला इब्न बतूता आठवला. टँजियरचा हा मुशाफिर १३४३ मध्ये याच बेटांवर आला होता. त्याने लिहिलेली हकीकत वाचली तर तो तिथल्या लोकांची तारीफ करताना थकत नाही. लोक दीनदार आहेत, स्वच्छ आहेत, भांडणतंट्यापासून दूर आहेत. काथ्याच्या दोरीने जहाजे शिवतात, कवड्यांचे चलन वापरतात. त्याच्या सांगण्याप्रमाणे गादीवर सुलताना खदीजा होती, म्हणजे एक बाई राज्य करत होती आणि जुम्याच्या खुतब्यात तिचे नाव घेतले जात होते. या विद्वान पाहुण्याला त्यांनी काजी केले. इथून पुढे पाहुण्याचा सूर बदलतो.

जुम्याच्या नमाजला न येणाऱ्यांना त्याने फटके मारवले. एका चोराचा हात तोडण्याचा हुकूम दिला, तर तिथे बसलेल्यांपैकी काही जण बेशुद्ध पडले. तिथल्या बायका कमरेवरचे अंग झाकत नसत. ते बदलायचा त्याने खूप प्रयत्न केला, पण जमले नाही. त्याच्या समोर दाव्यासाठी येताना तेवढ्या त्या अंग झाकून येत. आणखी एक रिवाज त्याने मोडला. तलाक झालेली बाई दुसरे लग्न होईपर्यंत पहिल्या नवऱ्याच्याच घरी राहत असे. असे वागणाऱ्या पंचवीसेक पुरुषांना त्याने फटके देऊन बाजारातून फिरवले आणि बायकांची सुटका केली.

मग काजी स्वतः कसा वागला? त्याने तिथे चार लग्ने केली. जहाजे आली की खलाशी लग्न करतात आणि निघताना तलाक देतात, कारण तिथल्या बायका आपला मुलूख सोडून जात नाहीत, हे त्यानेच लिहून ठेवले आहे. वजिराशी बिनसले तेव्हा १३४४ मध्ये तोही असाच निघून गेला. त्याला तिथे एक मुलगा झाला होता. पुढे एकदा तो परत आला, पोराला पाहिले आणि तिथेच ठेवून पुन्हा निघाला.

एका थोर मुशाफिराची बदनामी करावी म्हणून आम्ही हे लिहीत नाही. आम्हाला त्यात आपलेच तोंड दिसले, म्हणून लिहीत आहोत. त्याच्या हकीकतीत एक गोष्ट सहज येऊन जाते. परके जहाज या बेटांजवळ आले की इतर बेटांकडे जाण्यासाठी त्याला तिथला एक माणूस वाटाड्या म्हणून घ्यावाच लागतो. समुद्रात काजीने वाटाड्या घेतला, जमिनीवर उतरल्यावर मात्र त्याला वाटाड्याची गरज वाटली नाही. पाण्याखालच्या खडकाला तो भ्याला. माणसांच्या रिवाजाखाली काय असेल, याची त्याला भीती वाटली नाही.

यावर कुणी विचारील, मग काय, रिवाज म्हटला की गप्प बसायचे? रिवाजाच्या नावाखाली जुलूमही चालतो. बाहेरच्याने बोलायचे नाही आणि आतल्याला कुणी बोलू देत नाही, तर सुधारणा व्हायची कशी? हा आक्षेप आम्हाला खरा वाटतो. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, आपल्याच मातीतले. १९६६ मध्ये सात मुस्लिम महिलांना घेऊन त्यांनी तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा काढला, तेव्हा त्यांनाही परका ठरवणारे कमी नव्हते. तेव्हा 'आतला' आणि 'बाहेरचा' या मापाने काम भागत नाही. हे माप बहुतेक वेळा तोंड बंद करण्यासाठीच वापरले जाते.

खरे माप तांडेलच्या प्रश्नात आहे असे आम्हाला वाटते: तुम्ही इथे किती दिवस आहात? म्हणजे तुमच्या निवाड्याचा परिणाम भोगायला तुम्ही थांबणार आहात का? दलवाई थांबले. शिव्या खाल्ल्या, १९७० मध्ये मंडळ काढले, १९७७ मध्ये वारले तोपर्यंत हटले नाहीत. त्यांचे सगळे विचार पटोत न पटोत, त्यांनी किंमत स्वतः मोजली. काजीने फर्मावले आणि किंमत दुसऱ्यांनी मोजली.

आमचे एक पाप इथे कबूल करतो. एका मे महिन्यात सुटीला गावी गेलो असता नात्यातल्या एका मुलीचा तलाक झाल्याचे कळले. भावाच्या घरी दोन लेकरांसह राहत होती. आम्ही शहरातले, शिकलेले. तिला आणि तिच्या भावाला बसवून लांबलचक समजावले. पोटगी तुझा हक्क आहे, कोर्टात जा, कुणाला घाबरू नकोस. एकही शब्द चूक नव्हता. पाऊस लागायच्या आत आम्ही मुंबईला परतलो. तिने दावा लावला. मोहल्ल्यात बोलणी सुरू झाली, भावजय रोज ऐकवू लागली आणि गणपतीच्या सुमारास भावाने तिला दुसरे घर बघायला सांगितले. तिने आम्हाला फोन केला. "भाईजान, तुम्ही सांगितलंत तसं केलं. आता कुठं जाऊ, तेही सांगा." आमच्याकडे उत्तर नव्हते. दोन खोल्यांचे घर आणि पाहुण्यांची अडचण, एवढेच सुचले.

इब्न बतूताने सोडवलेल्या त्या बायका आम्हाला आठवल्या त्या यामुळेच. रिवाज वाईट असेल, नव्हे, होताच. पण पहिल्या नवऱ्याच्या घरातून निघून त्या कुठे गेल्या? हे काजीने लिहिलेले नाही. त्याला ठाऊक तरी होते की नाही कोण जाणे.

उलट बाजूनेही हेच घडते. लांबून कुणी येतो, दोन दिवस मशिदीत मुक्काम करतो आणि सांगून जातो की लग्नात बायकांनी कोकणीतून गाणी म्हणणे बरोबर नाही. आपण माना डोलावतो. तो जातो, गाणी बंद होतात आणि शंभर गाणी तोंडपाठ असलेली एखादी म्हातारी लग्नघरात मुकी बसून राहते. फिक्‌हमध्ये लोकांच्या रूढीला, 'उर्फ'ला, जागा आहे. दीनच्या हुकुमाला धक्का लागत नसेल तिथे रूढी विचारात घ्यावी असे जाणत्यांनी सांगितले आहे. पण रूढी विचारात घ्यायची तर आधी ती जाणून घ्यावी लागते, आणि त्याला दोन दिवस पुरत नाहीत.

तेव्हा पाहुण्याने बोलूच नये, असे आमचे म्हणणे नाही. जुलूम दिसला तर बोलावेच लागते. गप्प बसणे हासुद्धा एक निवाडाच असतो. पण बोलण्याआधी वाटाड्या शोधावा. ज्याच्यावर जुलूम होतो आहे, तोच वाटाड्या. त्याला विचारावे की खडक कुठे आहेत, वाट कुठे आहे, ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबायचे का. आणि बोललो तर नांगर टाकण्याची तयारी ठेवावी. वारा फिरला म्हणून शीड उभारून निघून जायचे असेल, तर आपला निवाडा आपल्याजवळच ठेवलेला बरा.

ती मुलगी आता शिवणकामावर घर चालवते. दावा ती जिंकली, आमच्या मदतीशिवाय. आम्ही गावी गेलो की चहा देते, विचारपूस करते. सल्ला मात्र आमच्याकडे पुन्हा कधी मागितला नाही. आम्हीही आता आधी विचारतो.