न्यायालयाने न सोडविलेला प्रश्न

नृसिंहवाडीच्या घाटापाशी कृष्णा व पंचगंगा एकत्र येतात. दत्तगुरूंच्या पादुकांच्या दर्शनासाठी येथे बारमाही भाविकांची रीघ असते. एका हिंदू स्नेह्यासमवेत आम्ही या घाटावर गेलो असता त्याच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांची गाठ पडली. मिरज जंक्शन येथून फारसे लांब नाही. हे गृहस्थ तेथे रेल्वेत गँगमन होते. १९७४ च्या संपात ते बडतर्फ झाले, १९७७ मध्ये पुन्हा कामावर घेतले गेले आणि निवृत्तीनंतर वाडीस येऊन राहिले. आम्ही ख्रिस्ती आहोत असे कळताच ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही जॉर्जसाहेबांच्या धर्माचे. मग मला एक सांगा. संपात आम्ही त्यांच्या मागं गेलो, त्याचा मला कधी पस्तावा झाला नाही. पण पुढं ते डायनामाइटचं झालं, ते बरोबर होतं का?"

आम्हांस तत्काळ उत्तर देता आले नाही. तो प्रश्न घेऊनच आम्ही घरी परतलो.

जॉर्ज फर्नांडिस यांचा जन्म ३ जून १९३० रोजी मंगळूरच्या एका कॅथलिक कुटुंबात झाला. धर्मगुरू व्हावे म्हणून घरच्यांनी त्यांना बंगळूरच्या सेमिनरीत धाडले. परंतु तेथे त्यांचे मन रमले नाही. १९४९ मध्ये ते मुंबईस आले. चौपाटीच्या बाकांवर रात्री काढल्या, गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो यांच्या हाताखाली कामगार चळवळीचे धडे घेतले. १९६७ मध्ये स. का. पाटलांसारख्या बलाढ्य नेत्याचा त्यांनी दक्षिण मुंबईत पराभव केला. ८ मे १९७४ रोजी सुरू झालेल्या रेल्वे संपात सुमारे १७ लाख कामगार उतरले. संपापूर्वीच जॉर्ज यांना अटक झाली होती. हजारो कामगार तुरुंगात गेले, कित्येकांची बिऱ्हाडे क्वार्टरांतून बाहेर काढली गेली आणि वीस दिवसांत संप मागे घ्यावा लागला.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. जॉर्ज भूमिगत झाले. १० जून १९७६ रोजी कलकत्त्यात ते पकडले गेले. रेल्वेचे रूळ व सरकारी आस्थापने उडविण्यासाठी स्फोटके जमविल्याचा आरोप ठेवून त्यांच्यासह २५ जणांवर 'बडोदा डायनामाइट खटला' भरण्यात आला. बेड्या घातलेला हात उंचावलेले त्यांचे छायाचित्र पुढे घरोघर पोहोचले.

त्यांच्या बाजूने बोलण्याजोगे पुष्कळ आहे. वृत्तपत्रांवर नियंत्रण होते, विरोधक विनाचौकशी तुरुंगात होते. २८ एप्रिल १९७६ रोजी तर सर्वोच्च न्यायालयानेच अशा स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले. संपाचा हक्क ख्रिस्तसभाही मानते; पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या आपल्या परिपत्रकात तो योग्य मर्यादेत न्याय्य ठरविला आहे. पोप पॉल सहावे यांनीही १९६७ मध्ये हिंसक उठावाचा धोका सांगताना, उघड व दीर्घकाळच्या जुलमाचा अपवाद नमूद केला होता. शिवाय माणसाच्या जिवाला अपाय होऊ द्यायचा नाही, अशी आपली भूमिका होती, असे या गटातील मंडळींनी मागाहून सांगितले. त्यांच्या हेतूविषयी आम्ही शंका घेत नाही.

पण आम्ही उत्तर जुळवीत असताना त्या वृद्धांनीच पुढे एक वाक्य उच्चारले होते. "रात्री रुळावर दुसरं कोण असतं? कंदील घेऊन चालणारा गँगमनच असतो." स्फोटक ठेवणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असो, वात पेटल्यानंतर तो हेतू स्फोटकासोबत राहत नाही. ज्यांच्यासाठी लढावयाचे, त्यांच्यापैकीच एखादा तेथे उभा असू शकतो.

आणि त्या धाडसाची किंमत इतरांनीही मोजली. जॉर्ज हाती लागत नाहीत म्हणून त्यांचे बंधू लॉरेन्स यांना पोलिसांनी कोठडीत अमानुष मारहाण केली. अभिनेत्री स्नेहलता रेड्डी दम्याच्या रुग्ण होत्या. अंतिम आरोपपत्रात नाव नसतानाही त्यांना बंगळूरच्या तुरुंगात डांबून ठेवले गेले. सुटकेनंतर काही दिवसांतच, २० जानेवारी १९७७ रोजी त्या निवर्तल्या. हे पाप छळ करणाऱ्यांचे आहे, यात संशय नाही. तरीही आपल्या मार्गाचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडेल, हा विचार पुढाऱ्यालाही टाळता येत नाही. गेथशेमनीच्या बागेत पेत्राने तलवार उपसली ती प्रेमापोटीच. पण प्रभूने ती म्यान करावयास सांगितली.

मार्च १९७७ मध्ये जॉर्ज तुरुंगातूनच मुजफ्फरपूर येथे प्रचंड मतांनी निवडून आले. सत्तांतर झाले, खटला मागे घेण्यात आला आणि आरोपी केंद्रीय मंत्री झाला. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले व बडतर्फ कामगार कामावर परतले. परंतु खटला मागे घेणे म्हणजे निर्दोष ठरणे नव्हे, तसेच दोषी ठरणेही नव्हे. निकाल न लागल्याने तो प्रश्न आपल्या विवेकबुद्धीकडे आला आहे.

आमचे उत्तर असे : जुलमापुढे मान न तुकविणे हे जॉर्ज यांचे ऋण आपण मानावे, डायनामाइट मात्र आपले मानू नये. संपात कामगार स्वतःची भाकर पणास लावतो, आणि तीही जाणूनबुजून. स्फोटात दुसऱ्याचा जीव त्याला न विचारता पणास लागतो. या दोहोंतील अंतर जुलूम कितीही मोठा असला तरी पुसले जात नाही.

२९ जानेवारी २०१९ रोजी जॉर्ज यांचे दिल्लीत निधन झाले. त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला व अस्थी ख्रिस्ती दफनभूमीत पुरण्यात आल्या. त्या बातमीच्या दिवशी आपण संगमावर दिवा सोडला होता, असे त्या वृद्धांनी आम्हांस सांगितले. "पटलं नाही ते नाहीच पटलं," ते म्हणाले, "पण माणूस आमचा होता."