परक्या घरचा उंबरठा

उंब्रजास तारळी कृष्णेस मिळते. पुढें कोणतें पाणी कोणत्या नदीचें, हें निवडतां येत नाहीं. जीवजंतूंचेंहि तसेंच आहे. म्हणून १९६७ च्या अंतराळ-करारानें इतर ग्रहगोल दूषित न करण्याचें बंधन घातलें. १९७६ सालीं मंगळावर उतरलेलीं व्हायकिंग यानें उड्डाणापूर्वीं भट्टींत तापवून निर्जंतुक केलीं होतीं. "तेथें जीव आहे कीं नाहीं हेंच ठाऊक नसतां एवढें सोवळें कशाला?" असें कोणी विचारील. ठाऊक नाहीं, म्हणूनच! आपण नेलेले जंतू तेथीलच मानले, तर ज्ञान फसेल; आणि तेथें खरोखरीच जीव असला, तर तो दाद न मागतांच नाहींसा होईल. परक्या घरांत पाय धुऊनच शिरावें. घरधनी दिसो वा न दिसो.