मालक की वहिवाटदार?

देवस्थानाच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो, तेव्हा समईच्या तेलाचा आकडासुद्धा महाजन कान देऊन ऐकतात. अध्यक्ष, मुखत्यार वा खजिनदार कितीही प्रतिष्ठित असो, देवाच्या पैशाचा हिशेब त्याला द्यावाच लागतो, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. तोच गृहस्थ दुसऱ्या दिवशी आपल्या पेढीवर बसला, की मात्र ‘हे सारे माझे’ अशी भाषा बोलू लागतो. हा पालट न्याय्य आहे काय, हे उद्योगात पडणाऱ्या प्रत्येकाने स्वतःस विचारले पाहिजे.

कायद्यात ह्यासंबंधी दोन निर्णय मननीय आहेत. १८९६ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सॉलोमन नामक पादत्राणांच्या व्यापाऱ्याच्या खटल्यात ठरविले, की जवळजवळ सर्व भाग एकाच माणसाच्या हाती असले, तरी कंपनी ही त्याच्याहून निराळी व्यक्ती होय. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने मलिक घराण्याच्या देवतेविषयीच्या खटल्यात सांगितले, की मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे. वहिवाटदाराने मन मानेल तशी हलवावी अशी ती निव्वळ वस्तू नव्हे. इतकेच नव्हे, तर देवतेची बाजू मांडण्यासाठी त्या वादात ज्याचा स्वार्थ नाही असा माणूस असावा, असेही त्या न्यायासनाला वाटले. कंपनी आणि देवता ह्या दोघींनाही स्वतःचे तोंड नाही. त्यांच्या वतीने जो बोलतो, तो कोणाच्या हिताचे बोलतो, हाच काय तो प्रश्न.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. आपलेपणावाचून धोका पत्करणार कोण? बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत. त्यामुळे दोन वर्षे गिऱ्हाईक मिळेना. पगारी माणसाने अशा वेळी हात टेकले असते. नांगर ‘माझा’ असल्याविना ती दोन वर्षे निघाली नसती, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु त्याच चरित्राचा पुढील भाग पाहावा. बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या अधिपतींनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळील माळरान दिले आणि तेथे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर रात्रीच्या पहाऱ्याचे काम सोपविले होते. केवळ मालकीची भावना असती, तर चोरीचा डाग लागलेल्या माणसाच्या हाती कोणी तिजोरीची राखण दिली असती काय? तेथे आपलेपणा नाहीसा झाला नव्हता. तो ‘माझा कारखाना’ येथून ‘माझी माणसे’ येथवर विस्तारला होता. १९२० साली त्या उद्योगाची मर्यादित कंपनी झाली. कायद्याने त्याला निराळी व्यक्ती ठरविले, ते मनाने आधीच घडले असावे.

तेव्हा आक्षेपाचे उत्तर असे, की आरंभीचा धोका एकट्याचा असतो, म्हणून आरंभीची ‘मी’ची भाषाही क्षम्य असते. परंतु पहिल्या कामगाराची चूल त्या धंद्यावर पेटली, पहिल्या ठेवीदाराने विश्वासाने रक्कम ठेवली, की धोका एकट्याचा राहत नाही. मग अधिकारही एकट्याचा कसा राहील? नफा घ्यावा, कर्तृत्वाचे मोल अवश्य घ्यावे. वहिवाटदारही आपला मान घेतोच. मात्र मुलाला गादीवर बसविताना, जुन्या कारकुनाला निरोप देताना, मंदीत कोणाचे वेतन आधी कापावे हे ठरविताना, त्या मुक्या संस्थेची बाजू स्वार्थ बाजूस ठेवून कोण मांडतो?

देवस्थानात त्यासाठी सभा असते, न्यायालयात न्यायाधीश असतो. पेढीवर बहुधा कोणीच नसतो. तेथे धन्यालाच स्वतःविरुद्ध उभे राहून ती वकिली करावी लागते. पुढारीपणाचे शिक्षण म्हणून जे काही सांगितले जाते, त्यात ह्याहून अवघड धडा नाही. आणि उद्योजकाची खरी वाढ किती झाली, हे त्याच्या ताळेबंदापेक्षा अशा प्रसंगी तो कोणत्या बाजूने निकाल देतो, ह्यावरूनच कळते.